सोसायटीतला भोंडला: आपणच खेळायचा की ग्रुप बोलावून बघायचा?

रानजाई

वाकडला आमची सहा विंगांची सोसायटी आहे. लोक राहायला येऊन तीन वर्षं झाली, पण ओळखी अजून लिफ्टपुरत्याच. शेजारच्या बाईंचं नाव मला कुरिअरवाल्यामुळे कळलं! गणपती होतो, म्हणजे वर्गणी, आरती आणि शेवटच्या दिवशी ऑर्केस्ट्रा. नवरात्रात गेल्या वर्षी डीजे लावून गरबा झाला. बाहेरचीच मंडळी जास्त आली, आणि आमचे आजी-आजोबा खिडक्या लावून घरात बसले.

यंदा आम्ही काही जणी म्हणतोय की भोंडला करू. त्यावर मीटिंगमध्ये सरळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, भोंडला-मंगळागौरीचे कार्यक्रम करणारा चांगला ग्रुप बोलवा. नऊवारी, नथी, तासभर कार्यक्रम, खुर्च्या मांडल्या की काम संपलं. माझं म्हणणं, आपणच फेर धरू. त्यावर लगेच प्रश्न आला, "गाणी येतात कुणाला? अर्धी सोसायटी तर अमराठी आहे."

तुमच्याकडे कसं करता? एक दिवस की नऊ दिवस? जाणकारांनी मनमोकळं लिहा.

---

चिंचगुळ

आमच्या कोल्हापुरात हादगा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, म्हणजे २६-२७ सप्टेंबरच्या आसपास, की सुरू. सोळा दिवस चालतो. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत वाढत सोळाव्या दिवशी सोळा. पुण्याकडे घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत करतात, कुणी पुढे कोजागिरीपर्यंत ओढतात. भिंतीवर दोन हत्तींचं चित्र आणि त्याला फळांच्या-भाज्यांच्या माळा, ही आमची पद्धत. तुमच्याकडे पाटावर हत्ती काढून तो मध्ये ठेवतात.

पण खरी गोम दिवसांत नाही, घरांत आहे. हादगा रोज वेगळ्या मुलीच्या घरी असायचा. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरापर्यंत आम्ही पोचलेलो असायचो. कुणाच्या आईचा हात तिखट, कुणाच्या घरी आजी आजारी, कुणाकडे यंदा नुसते फुटाणेच का, हे सगळं न विचारता कळायचं. नंतर शाळेच्या पटांगणावर एकच सार्वजनिक हादगा सुरू झाला. तो दिसायला देखणा, पण त्यात कुणाच्या घरी जायचं काम उरलं नाही.

तेव्हा सोसायटीत करायचा तर क्लब हाउसमध्ये एकच जंगी दिवस करू नका. रोज एक विंग धरा. त्या विंगेच्या पॅसेजमध्ये किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात फेर, आणि खिरापत त्या विंगेची. सहा विंगा म्हणजे सहा दिवस. उरलेले तीन दिवस ज्यांना हौस आहे त्यांचे.

---

पोह्यांचा_चहा

चिंचगुळ, +१००. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, पार्किंगसाठी कमिटीची परवानगी लागेल.

---

ठाण्याची_मामी

मी स्वतः मंगळागौरीच्या ग्रुपमध्ये आहे, तेव्हा आमची बाजू मांडते. 'पैसे घेऊन नाचणाऱ्या बायका' असा सूर ऐकू येतो म्हणून लिहिणं भाग आहे.

आमच्या ग्रुपमधल्या बहुतेक जणी पन्नाशीच्या पुढच्या. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी पोळीभाजीचं केंद्र चालवणारी, एक शिक्षिका. गुडघे दुखत असताना लाटण्याची फुगडी, सूप नाचवणं, कोंबडा, पिंगा हे सगळं बसवणं म्हणजे थट्टा नाही. आमच्या आज्या खेळायच्या ते किती तरी खेळ आयांच्या पिढीत सुटले होते. ते शोधून, कुणा म्हाताऱ्या आत्याकडून बघून, पुन्हा उभे केले ते अशाच ग्रुपांनी. शिवाय या ग्रुपने आम्हाला एकमेकी दिल्या. माझ्या ऑपरेशनच्या वेळी आठवडाभर डबा ग्रुपमधूनच येत होता.

मात्र रानजाई, तुझं काम आमच्याने होणार नाही, हेही सांगते. आम्ही स्टेजवर आणि तुम्ही खुर्चीत, मध्ये मोबाइलचे कॅमेरे. तासभर टाळ्या पडतात आणि मग सगळे जेवायला. शेजारच्या खुर्चीतल्या बाईचं नाव तुला तेव्हाही कळणार नाही. म्हणून आता आम्ही शेवटी थोडा वेळ राखून ठेवतो आणि प्रेक्षकांना ओढतो. पुढच्या रांगेतल्या भरजरी साड्या कधी उठत नाहीत. उठतात त्या मागच्या रांगेतल्या. कामाला आलेल्या ताई, कुणाची पाहुणी म्हणून आलेली आई. आणि त्या अशा फुगड्या घालतात की आम्ही बघत राहतो!

ग्रुप बोलवायचाच असेल तर कार्यक्रमाला नको, शिकवायला बोलवा. श्रावणात दोन-तीन संध्याकाळी.

---

निरुत्तर

सगळे गोड गोड लिहीत आहेत म्हणून जरा खारट. या गाण्यांत आहे काय? सासू छळते, नणंद चहाड्या करते, नवरा वेडा, आणि माहेरी जायला मिळालं की आनंदीआनंद. हे आपण २०-२५ वर्षांच्या नोकरदार मुलींकडून फेर धरून म्हणून घ्यायचं? दुसरं म्हणजे हळदीकुंकू. आमच्या जुन्या सोसायटीत भोंडला झाल्यावर बायकांना हळदीकुंकू लावत ताट फिरलं आणि माझ्या आईसमोरून पुढे गेलं. बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आई पुन्हा कधी खाली उतरली नाही. 'सगळे एकत्र येतात' म्हणताना हे सगळे कोण, तेवढं सांगा.

---

चिंचगुळ

निरुत्तर, हळदीकुंकवाचं शंभर टक्के मान्य. आमच्याकडे ते आता बंद आहे. आलेल्या प्रत्येकीला, म्हणजे मुलगी, बाई, आजी, जी कुणी येईल तिला, एक फूल आणि खिरापत. विषय संपला. फेर धरायला कुंकू लागत नाही.

गाण्यांचं मात्र तेवढं सरळ नाही. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सून म्हणते माहेरी जाऊ का, सासू म्हणते आधी वेल लाव. वेल लावला तर म्हणे कारली येऊ दे, मग भाजी कर, मग अजून काही. दरवेळी नवी अट. आज ऑफिसात रजा मागणारीला हे समजावून सांगावं लागेल असं वाटतं का? त्या काळी सुनेला सासूबद्दल तोंड उघडायची सोय नव्हती, पण फेरात उघडता यायचं. आणि कित्येकदा सासूही त्याच फेरात असायची! माझ्या आजीची सासू म्हणे या गाण्याला सर्वांत मोठ्याने गायची.

नवऱ्याच्या वेडाची गाणी आम्हीही गाळतो. लहान मुलं विचारतात आणि उत्तर देणं जड जातं. सोळा गाण्यांत दोन गाळली तर हत्ती रुसत नाही.

---

खानदेशी_ठसका

जळगावकडून रामराम. आमच्याकडे भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला बसते ती कोजागिरीपर्यंत, म्हणजे महिनाभराचा मुक्काम. भुलाबाई, भुलोजी आणि मांडीवर बाळ अशा मातीच्या मूर्ती. शंकर-पार्वतीच ते, पण आमच्याकडे माहेरपणाला आलेलं जोडपं. ज्वारीच्या धांड्यांचा मखर करायचा. विदर्भातही असंच आहे. पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, गाणी म्हणतात, आणि शेवटी खाऊ ओळखायचा.

आता जळगावात भुलाबाईच्या गाण्यांच्या स्पर्धा होतात, शाळा-शाळांचे संघ उतरतात. स्पर्धेला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही. माझ्या भाचीला ही गाणी स्पर्धेमुळेच पाठ झाली, घरी कुणी शिकवली नव्हती. फक्त एक गंमत सांगतो. स्पर्धेत सगळ्या पोरींच्या टिपऱ्या एकदम पडतात. गल्लीत कधीच पडत नसत. धाकटीची टिपरी नेहमी मागून यायची आणि तिच्यासाठी सगळ्या जरा हळू व्हायच्या.

बाकी धांडे हवे असतील तर आधी सांगा. हार्वेस्टरने कापलेल्या शेतात धड धांडा मिळत नाही हो आता.

---

धुके_लंडनचे

परदेशातला अनुभव. इथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, त्यामुळे आम्हाला परंपरा नव्याने शोधावी लागत नाही. पण मी राहते त्या उपनगरात आम्ही काही घरं मिळून वेगळा छोटा भोंडला करतो. शाळेचा हॉल तासावर भाड्याने मिळतो. ऑक्टोबर असल्यामुळे बाहेर काळोख आणि पाऊस, दाराशी ओल्या बुटांचा ढीग.

रानजाई, 'गाणी कुणाला येतात' याबद्दल नीट लिहिते, कारण त्यात आमचा बराच वेळ गेला. पहिल्यांदा आम्ही शब्द छापून वाटले, मुलांसाठी रोमन लिपीत. झालं असं की प्रत्येकीच्या हातात कागद, नजर कागदात, आणि हात धरायला हातच मोकळा नाही. फेर म्हणजे रेशनची रांग वाटत होती. मग कोणीतरी शब्द मोबाइलवर घ्यायची टूम काढली. ते त्याहून वाईट.

आता कागद बंद. एकजण ओळ सांगते, बाकीच्या झेलतात. भोंडल्याची बरीच गाणी साखळीचीच आहेत. तीच ओळ परत येते, एखादाच शब्द बदलतो. दोन कडव्यांत कुणालाही जमतं, मराठी येत नसलेलीलाही. आमची एक पोलिश शेजारीण येते. तिला अर्थ ठाऊक नाही, पण कारल्याला कधी फूल येतं आणि कधी कारलं, ते बरोबर कळतं. तेव्हा अमराठी लोकांची काळजी करू नका. सांगणारी मात्र खड्या आवाजाची हवी, आणि तिने माइक घ्यायचा नाही. माइक आला की बाकीच्या गप्प होतात.

---

सहाणेवरचा

बायकांच्या धाग्यावर लुडबूड करतोय, माफी असावी. पण विषय गाण्या-नाचातून माणसं जोडण्याचा आहे म्हणून कोकणातलं लिहितो.

आमच्याकडे शिमगा. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या ठरलेल्या जागेवर येते, तिथून घरोघर. प्रत्येक घरासमोर ओटी, गाऱ्हाणं. पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची म्हणजे ताकदीपेक्षा अंदाज लागतो. पुढच्याने गुडघा वाकवला की मागच्याने तो खांद्यावर ओळखायचा, तोंडाने सांगायला वेळ नसतो. संकासुराचं सोंग काळे कपडे, उंच टोपी आणि कमरेला घुंगरं घालून पोरांच्या मागे धावतो. मुंबईचा चाकरमानी गणपतीला एक वेळ चुकेल, शिमग्याला चुकत नाही. गावातलं घर अकरा महिने बंद असलं तरी पालखी यायच्या दिवशी ते उघडावंच लागतं. माझ्या मते निम्मी घरं त्यामुळेच उभी आहेत.

मुंबईतही हेच. गिरण्या होत्या तेव्हा लालबाग-परळात गावागावाच्या खोल्या असायच्या. एका खोलीत एका गावचे पुरुष पाळीपाळीने झोपायचे. त्याच मंडळांतून जाखडीचे नाच उभे राहिले. मधे गाणारे आणि ढोलकीवाला बसलेले, भोवती पायात चाळ बांधून नाचणारे. शक्तिवाले विरुद्ध तुरेवाले असे दोन पक्ष, सवाल-जवाब रात्रभर. नाचाच्या तालमीला जो जमायचा त्यालाच कळायचं गिरणीच्या कुठल्या खात्यात बदली कामगारांची भरती चालू आहे, कुणाच्या बापाला केईएमला नेलंय, गावी पैसे कुणाच्या हाती पाठवायचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, माणसं विरार-नालासोपारा-दिव्याला पांगली, पण तालमीचा निरोप आला की अजून जमतात.

पण चित्र एकांगी नको. मान हा आमच्याकडचा मोठा रोग. पहिली ओटी कुणाची, पालखीला खांदा पहिला कुणाचा, यावरून भाऊबंद कोर्टात गेलेत. काही गावांत पोलीस बंदोबस्तात पालखी निघते. देवळातल्या मानांची वाटणी जुन्या जातीपातींवर बसलेली आहे, ती सहज हलत नाही. तुमच्या सोसायटीत पहिल्या वर्षापासूनच ठरवून ठेवा की पाट मांडायचा मान दरवर्षी फिरता. एकाच काकूंकडे तीन वर्षं राहिला तर चौथ्या वर्षी तो 'हक्क' होतो!

---

पोह्यांचा_चहा

सहाणेवरचा, शेवटचं वाक्य फ्रेम करून कमिटीच्या ऑफिसात लावणार आहे.

---

मांडावरची

गोव्यातून. आमचे धालो पौषात, चांदण्यात. गावातल्या ठरलेल्या मांडावर बायका दोन ओळींत समोरासमोर उभ्या राहतात. एकमेकींच्या कमरेला विळखा, एक ओळ वाकत पुढे येते, गाणं म्हणते, मागे जाते, मग दुसरी. काही रात्री हे चालतं आणि शेवटच्या रात्री सोंगं आणि धमाल. पुरुषांनी तिथे यायचं नसतं. माझी आई दिवसा सासऱ्यांसमोर पदर सांभाळणारी, मांडावर सोंग घेऊन भटजीची नक्कल करायची. ती आई मी फक्त तिथेच पाहिली.

सगळ्यांनी वर वेळ, गाणी, खाऊ लिहिलं. मी जागेचं लिहिते. मांड बदलत नाही. आजूबाजूला बंगले आले, रस्ता रुंद झाला, तरी मांड तिथेच. मातीची जमीन, शेणाने सारवलेली, तिथे चप्पल घालून जायचं नाही. धालो नसतानाही तिथून जाताना पाऊल आपोआप बाजूने पडतं. क्लब हाउसमध्ये आज भोंडला, उद्या वाढदिवस, परवा कमिटीची भांडणं. त्या जागेला काही आठवणार कसं? चिंचगुळताईंचा फिरत्या विंगांचा मुद्दा पटला, पण शेवटचा दिवस तरी दरवर्षी एकाच ठिकाणी करा. एखादं झाड असेल तर त्याच्याखाली.

शिगम्याचंही आमच्याकडे दोन तऱ्हांचं आहे. गावात मांडावरचा शिगमो आणि पणजी-मडगावला सरकारी मिरवणूक, चित्ररथ, बक्षिसं. लोक म्हणतात मिरवणुकीने वाट लावली. मला तसं सरसकट वाटत नाही. रोमटामेळाला, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत निघणाऱ्या पथकाला, पोरं लागतात, पोरांना तालीम लागते, आणि बक्षिसाच्या निमित्ताने का होईना ती महिनाभर संध्याकाळी गावात असतात. फक्त गावच्या मांडावर न नाचता थेट पणजीला जाणारं पथक असेल तर आमच्या आज्या त्याला पथक म्हणत नाहीत, 'पार्टी' म्हणतात.

---

चारमिनारजवळचा

हैदराबादेत जन्म गेला म्हणून दोन पैसे. इथे बतुकम्मा. सर्वपित्री अमावास्येला सुरू, दुर्गाष्टमीच्या सुमारास शेवट. फुलांचा थरावर थर रचून शंकू करायचा, मध्ये ठेवायचा, बायकांनी भोवती टाळ्या देत गाणी म्हणत फिरायचं, मग पाण्यात सोडायचा. भोंडल्याचीच बहीण म्हणा. फुलंही ओळखीची निघाली. त्यांचं तंगेडू म्हणजे आपला तरवड, आणि गुनुगु म्हणजे कुरडू, जो आपण शेतातून तण म्हणून उपटून टाकतो.

२०१४ मध्ये तेलंगण झालं तेव्हा हा राज्याचा सण ठरला. आंदोलनाच्या काळात तर बायका रस्त्यावर बतुकम्मा मांडून बसायच्या. माझी बायको नगरची. लग्नानंतर पहिल्या नवरात्रात भाषा येत नव्हती म्हणून घरात बसून होती. शेजारणीने हाताला धरून खाली नेलं. तेलुगू ती नंतर शिकली, टाळी त्या दिवशीच.

---

बडोदेकर

एकच सांगतो, गरब्याशी भांडू नका. तोही मुळात दिव्याच्या घटाभोवतीचा फेरच आहे. २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेला. आमच्याकडे मराठी घरांत सहाला भोंडला आणि नऊला गरबा, त्याच पोरी दोन्हीकडे. बिघडवलं ते डीजेने, गरब्याने नाही. बिना-स्पीकरचा भोंडला असेल तर रात्री दहाच्या नियमाचीही भानगड नाही.

---

पोह्यांचा_चहा

कुणी खिरापतीवर लिहीतच नाही! आमच्या आजीची युक्ती देते. डबा हलवून आवाजावरून ओळखतात ना, म्हणून ती लाडू मऊ कापडात गुंडाळून ठेवायची, वर चार शेंगदाणे मोकळे. सगळ्या चिवडा-चिवडा ओरडायच्या. 'तिखट की गोड' विचारलं की म्हणायची, "खाणारीवर आहे."

---

ठाण्याची_मामी

अगं, आमच्याकडे एकीने डब्यात बर्फाचे गोळे ठेवले होते. ओळखेपर्यंत सरबत झालं. :)

सुकं खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर ही मूळ खिरापत. हल्ली पिझ्झाही निघतो. माझी तक्रार नाही. मात्र हॉटेलातून मागवलेली खिरापत बाद. खिरापतीवरूनच तर उद्या बाई दार वाजवते, "अहो, तो चिवडा कसा केला होतात?"

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा मीटिंग झाली. ग्रुप बोलवणाऱ्यांशी तडजोड अशी: मामींनी सुचवलं तसं श्रावणात शिकवणी, नवरात्रात रोज एक विंग, साडेसहा ते साडेसात. खुर्च्या फक्त ज्यांना उभं राहवत नाही त्यांना, आणि त्याही फेराच्या आत, पाटाजवळ. हळदीकुंकू नाही, सगळ्यांना शेवंतीचं फूल. निरुत्तर, तुमचा प्रतिसाद मी मीटिंगमध्ये नाव न घेता वाचून दाखवला. दोघीतिघींनी मान खाली घातली, पण विरोध कुणी केला नाही.

मुलगे फेरात चालतील का यावर अर्धा तास गेला. दहा वर्षांखालचे चालतील असं ठरलं. त्यावर एक दहा वर्षांचा मुलगा, जो सगळ्या मीटिंगमध्ये टेबलाखाली बसला होता, बाहेर येऊन म्हणाला, "मी नऊचाच आहे." त्याचं वय आता इस्त्रीवाल्यालासुद्धा माहीत आहे.

खिरापत घरचीच, हा ठराव मात्र दोन मतांनी पडला. नोकरीवाल्या बायका चिडल्या, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. ज्या विंगेची पाळी तिने काय ते ठरवावं. पुरुषांनी केलेली खिरापतही चालेल असं मी हळूच मिनिट्समध्ये घुसडलंय.

शेवटच्या दिवसासाठी गेटजवळचा बकुळ. तिथे दोन स्कूटर उभ्या असतात, त्या हलवायचं काम पोह्यांच्या नवऱ्यासारख्याच एका गृहस्थांकडे दिलंय.

सध्या एकच अडलंय. पाटावरच्या हत्तीचं तोंड कुठल्या दिशेला हवं? डी विंग म्हणते पूर्वेला, बी विंग म्हणते देवळाकडे.

---

चिंचगुळ

आमच्यासारखे दोन काढा, समोरासमोर तोंड केलेले. डी विंगला पूर्वेचा दाखवा, बी विंगला देवळाकडचा.

---

सहाणेवरचा

आणि ते काढायचा मानही फिरताच ठेवा!